बर्फात नेलेला तुकडा

बाबा : म्हंजे गाठीचं नावच नाही सांगलं त्यायनं?

मंजू : नाही. ठरवता येत नाही म्हणाल्या. मान वर करा जरा, हनुवटीखाली राहिलंय.

बाबा : नाकातून नळी घातली, मेंदूच्या बुडापर्यंत गेले, तिथून तुकडा तोडून आणला, अकोल्याहून नागपूरच्या लॅबले धाडला. अन् आता म्हणे ठरवता येत नाही?

मंजू : बोलू नका बाबा, ब्लेड लागेल.

बाबा : लागू दे. मी माह्या हातानं करतो तवा कुठी लागते?

मंजू : तुमच्या हातानं लागत नाही, कारण कानापाशी तुम्ही पोचतच नाही. दोन्हीकडचे कल्ले तसेच राहतात. मागच्या आठवड्यात शेजारच्या जनकाबाई विचारत होत्या, माणिकराव नाटकात काम करून राह्यले काय म्हणून.

बाबा : तिले काय जाते बोलाले! दिसत नाही तं काय करू? समोरचं सारं दिसते. दोन्ही बाजूनं मात्र कोनी पडदा लावल्यासारखं. शकूरच्या पोट्ट्याच्या, तौसिफच्या दुकानाचा बोर्ड लिवला, 'मोबाइल' बसला, 'शॉपी' बसली, अन् पहिला 'तौ' पाटीच्या बाहेर, भिंतीवर. मलकापुरात अर्धे बोर्ड माह्या हातचे. अशी बेइज्जती कधी नाही झाली.

मंजू : आणि आपण मोतीबिंदू समजून बसलो.

बाबा : आपन नाही, मी समजलो. तू म्हनत होती दाखवू, दाखवू. बरं, ते जाऊ दे. त्या लॅबवाल्या सारिका मॅडमनं फोनवर काय सांगलं ते नीट सांग. बाप अडानी आहे म्हनून काही गाळू नको.

मंजू : गाळत नाही. तो तुकडा मेणात बसवतात. मग कागदाहून पातळ काप काढायचे, काचेवर ठेवायचे, रंग द्यायचे आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. पेशी कशा बसल्या आहेत, यावरून गाठ कशाची ते कळतं. पण आपल्या तुकड्यातल्या पेशी फाटल्यात. मधे नुसती भोकं. कुठली पेशी कुठली, ओळखूच येत नाही.

बाबा : कशाकशाची असू शकते?

मंजू : मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिची स्वतःची गाठ असू शकते. मेंदूच्या आवरणाची असू शकते. टीबीची असू शकते. आणखीही एकदोन प्रकार आहेत. फोटोत कधी कधी सगळ्या सारख्या दिसतात. तुमची तर खालच्या हाडात शिरलीय, म्हणून सर्जनही बुचकळ्यात पडले. टीबी असली तर गोळ्या. ग्रंथीची असली तर पूर्ण काढायची. उगाच मोठं ऑपरेशन नको, म्हणून आधी तुकडा.

बाबा : सारं वाचून ठेवलं तू.

मंजू : दुसरं काय करू?

बाबा : जिंदगी गेली लोकायचे नावं लिवण्यात. अन् माह्याच गाठीले नाव नाही.

मंजू : मिळेल नाव. पुढच्या आठवड्यात दुसरा तुकडा काढतील.

बाबा : पुन्हा नाकातून?

मंजू : पुन्हा नाकातून.

बाबा : तुही माय असती तं म्हनली असती, नाक मोठं आहे तं कामी येऊन राह्यलं. अन् हा पहिला फाटला कसा वं?

मंजू : प्रवासात झालं असेल काहीतरी. थांबा, टॉवेल कुठं ठेवला मी?

बाबा : खोटं बोलाचं असलं का तुले टॉवेल शोधाव लागते. खांद्यावर आहे तुह्या. सांग.

मंजू : गोठला होता, बाबा. मॅडमनी पहिला प्रश्न तोच विचारला, बर्फात ठेवला होता का? पेशीत पाणी असतं. ते गोठलं की त्याचे टोकदार खडे होतात. पेशी आतून फाटते.

बाबा : कुल्फीत खडा लागते, तसा?

मंजू : तसाच.

बाबा : हं.

मंजू : बाटलीत औषध होतं. त्या औषधात तुकडा उन्हाळ्यातही टिकतो. नुसता पिशवीत घालून नेला असता तरी चाललं असतं. दवाखान्यात एवढंच म्हणाले होते, उन्हात ठेवू नका. मी तुमच्यापाशी होते, म्हणून शकूरचाचांकडे दिली बाटली. आणि त्यांनी ती...

बाबा : डब्यात ठेवली.

मंजू : कुल्फीच्या डब्यात. बर्फ आणि खडे मीठ.

बाबा : तो डबा त्यानं काऊन आणला होता, मालूम आहे? माह्यासाठी कुल्फी आणली होती. माह्या नाकात बोळे, तोंडानं श्वास घेऊन राह्यलो, अन् हा मलकापूरहून पिस्ते लावून आला. वार्डातल्या नर्सायनं खाल्ली सारी. मंग रिकामा डबा पाहून त्याले वाटलं असन, एवढ्या उन्हात माणिकचा तुकडा सडून जाईन.

मंजू : मला माहीत आहे, बाबा. मी त्यांना दोष देत नाही.

बाबा : मंग त्याले सांगू नको.

मंजू : सांगायला हवं. पुढच्या वेळी पुन्हा...

बाबा : पुढच्या बारीले तू नेजो. त्याले सांगू नको.

मंजू : का पण?

बाबा : काऊन म्हंजे? तो कुल्फीची गाडी बंद करून टाकन. मी वळखतो त्याले. पाचवीत मास्तरनं म्हटलं, शकूर, तुह्या आवाजानं प्रार्थना बिघडते, तं दहावीलोक तोंड नाही उघडलं पोट्ट्यानं. नुसते ओठ हलवे. असा मानूस आहे तो. बुढापनी काय करन मंग? तौसिफच्या दुकानात बसून मोबाइलले काचा चिकटवन?

मंजू : आणि त्यांना दुसरीकडून कळलं तर?

बाबा : कोन सांगते? तू नाही सांगत, मी नाही सांगत. तो पाह्य, आलाच. सायकल वाजली. तोंड पूस माह्यं, अन् तुह्यंबी नीट कर.

शकूरचाचा : जय भीम, पेंटर!

बाबा : सलाम, कुल्फी. ये.

शकूरचाचा : ओहो! आज तं नवरदेव दिसून राह्यला बे. मंजूबेटी, कॉलेजात शिकवनं सोडलं काय? न्हाव्याचं दुकान टाकलं?

मंजू : सुट्टी आहे चाचा. बसा, पाणी आणते.

शकूरचाचा : पानी राहू दे. खबर सांग. नागपूरवाली काय म्हने?

बाबा : तुकडा लहान निघाला म्हने.

शकूरचाचा : लहान?

बाबा : हाव. पुरला नाही त्याइले. दुसरा काढाव लागते.

शकूरचाचा : घ्या! एवढे मोठे डॉक्टर, एवढ्या मोठ्या मशिनी, अन् तुकडा तोडाले हात कापते! मी तं जान लावून नेला ना यार. खिडकीपाशी नाही बसलो, ऊन येते म्हनून. डबा मांडीवर. समोरचा एक मानूस विचारे, चाचा, डब्यात काय हाय, देता काय एक? म्हनलं, माह्या यारचं दिमाग हाय. तो जो उठला, वर्ध्यापर्यंत उभाच राह्यला!

बाबा : ए, हसवू नको बे. डोकं ठनकते.

शकूरचाचा : खुदाकसम! बडनेऱ्याले बर्फ पाघळाले लागला तं उतरून नवा घेतला. मीठ तं संगच होतं. बोट घातलं तं सुन्न, असा थंडा. तुह्या तुकड्याले जराबी धग लागू देल्ली नाही मी.

बाबा : मले मालूम आहे. तुह्यावानी कोनी नेला नसता.

शकूरचाचा : बेटी, तू काऊन चूप हाय?

मंजू : काही नाही चाचा. ऐकते आहे.

शकूरचाचा : फिकर नको करू. पुढच्या बारीले डबल बर्फ घेतो.

बाबा : या बारीले मंजू नेईन.

शकूरचाचा : काऊन? माह्यात काय खोट हाय?

बाबा : खोट नाही. तिले नागपुरात पुस्तकं पाहाचे आहेत.

शकूरचाचा : पुस्तकं काय पळून चालले? पोरीले एवढ्या उन्हात धाडतं काय?

बाबा : अन् मी? मागच्या बारीले शुद्धीवर आलो तं समोर वार्डबॉय. त्याचं तोंड पाहून मले वाटलं, मेलोच. या बारीले तू थांब माह्यापाशी. डोळे उघडले का तुहं थोबाड दिसाले पाहिजे. म्हंजे समजन का जित्ता आहो.

शकूरचाचा : असं म्हनतं? हे बी खरं हाय. बरं, मंग मी इथं. जा बेटी, तू जा. पन सांभाळून नेजो.

मंजू : हो चाचा.

शकूरचाचा : चलतो. अमरावती पॅसेंजरच्या टायमाले गाडी लावाची हाय स्टेशनवर. उद्या जुम्मा. नमाज झाली का येतो.

बाबा : ये. अन् तौसिफले म्हन, शिडी काढून ठेव. तो 'तौ' आत घेऊ. मंजू सांगन मले, पाटी कुठी संपते ते.

*

डॉ. सारिका : मंजुश्रीताई? नागपूरहून बोलते, लॅबमधून. डॉक्टर सारिका. दुसरा तुकडा अजून आला नाही, म्हणून म्हटलं विचारावं.

मंजू : तो येणार नाही, मॅडम. बाबा गेले.

डॉ. सारिका : अरे. कधी?

मंजू : तुमचा फोन आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी चहा पिता पिता डोकं धरलं. उलटी झाली. मग म्हणाले, मंजू, लाइट गेली काय? बाहेर लख्ख ऊन होतं. बुलढाण्याला न्यायला निघालो. राजूरच्या घाटात श्वास थांबला.

डॉ. सारिका : गाठीत रक्तस्राव झाला असणार. फार वाईट झालं. मी नंतर फोन करू का?

मंजू : नाही, बोला. तुम्ही नुसतं तेवढं विचारायला फोन केला नसेल.

डॉ. सारिका : नव्हता केला. तो पहिला तुकडा मी बाजूला टाकला नव्हता. तुमच्याशी बोलल्यावर मन लागेना. मेणाचा ठोकळा पुन्हा काढला आणि खाली खाली कापत गेले. जवळजवळ संपत आला, तेव्हा एका कडेला जरा जागा सापडली. तिथल्या पेशी शाबूत होत्या.

मंजू : किती?

डॉ. सारिका : थोड्या. पण पुरल्या. ताई, ऐकायचंय का तुम्हाला? आता ऐकलंच पाहिजे असं काही नाही.

मंजू : सांगा. बाबांना नाव हवं होतं.

डॉ. सारिका : चांदीचा एक रंग असतो आमच्याकडे. त्यानं पेशींभोवतीचे बारीक तंतू काळे दिसतात. निरोगी ग्रंथीत पेशी लहान लहान घोळक्यांनी बसतात आणि प्रत्येक घोळक्याला ते काळं कुंपण असतं. ग्रंथीची गाठ झाली की कुंपणं मोडतात. एकाच जातीच्या पेशी, सगळीकडे पसरलेल्या. मला तेच दिसलं. आणखी दोन तपासण्या करून खात्री केली.

मंजू : म्हणजे ग्रंथीचीच.

डॉ. सारिका : ग्रंथीचीच. टीबी नाही, कर्करोग नाही. त्या जागी सगळ्यांत जास्त सापडते ती.

मंजू : साधी.

डॉ. सारिका : एरवी मीही साधीच म्हणते. आज नाही म्हणवत.

मंजू : काढता आली असती?

डॉ. सारिका : हो. तशीच, नाकावाटे. कितीतरी जणांची नजरसुद्धा सुधारते.

मंजू : आणि पहिलाच तुकडा चांगला आला असता, तर?

डॉ. सारिका : ताई, या प्रश्नाचा काही उपयोग नाही.

मंजू : उपयोगासाठी नाही विचारत.

डॉ. सारिका : तर चार-पाच दिवसांत मी नाव दिलं असतं. सर्जननी बहुधा त्याच आठवड्यात ऑपरेशन ठेवलं असतं. ते वाचले असते, असं मात्र मी म्हणणार नाही. असा रक्तस्राव ऑपरेशनच्या आदल्या रात्रीही होऊ शकतो.

मंजू : म्हणजे पुन्हा तेच. ठरवता येत नाही.

डॉ. सारिका : हो. तुम्हाला राग येईल, पण खरं उत्तर तेच आहे. मला हे अधूनमधून लिहावं लागतं. लोक विचारतात, मॅडम, वाईट निघालं का? वाईट निघालं म्हटलं की खाली बसतात, रडतात, आणि मग पुढच्या तयारीला लागतात. ठरवता येत नाही म्हटलं की त्यांना लॅबच्या दारातून हलताच येत नाही.

मंजू : माझंही तसंच होईल बहुतेक.

डॉ. सारिका : बर्फात कुणी ठेवला होता, ते कळलं का?

मंजू : बाबांच्या मित्रानं. उन्हानं खराब होऊ नये म्हणून.

डॉ. सारिका : त्यांना ठाऊक आहे?

मंजू : नाही. बाबा म्हणाले होते, सांगू नको. बाबांनी शेवटचं मागितलेलं तेवढंच.

डॉ. सारिका : मग नका सांगू. किंवा... खरं म्हणजे मी यात काय बोलू? मी काचा बघते.

मंजू : त्या ठोकळ्याचं आता काय करता?

डॉ. सारिका : जपून ठेवतो, बरीच वर्षं. तुम्हाला परत हवा असेल तर पाठवते.

मंजू : नको. तिथं कुणीतरी त्याच्याकडे नीट पाहिलं. तिथंच असू द्या.

*

(फाटकाबाहेर शकूरचाचा, सायकल हातात धरून.)

शकूरचाचा : आत नाही येत, बेटी. इथूनच बोलतो.

मंजू : चाचा! बाबांच्या जलदानविधीला आलात ते शेवटचे. तौसिफला किती वेळा सांगितलं, चाचांना पाठव म्हणून. तिथं काय उभे राहिलात?

शकूरचाचा : तब्येत बरी नव्हती.

मंजू : स्टेशनवर गाडीही दिसत नाही तुमची.

शकूरचाचा : लावत नाही आता.

मंजू : का?

शकूरचाचा : एक गोष्ट विचाराची हाय. सांगशील?

मंजू : बसून विचारा ना.

शकूरचाचा : उभ्यानंच बरं. आमची महनूर, तौसिफची घरवाली, तिच्या मानेत गाठ आली होती. भलतं काही निघालं नाही, अल्लाचा शुकर. पन तिथंबी तुकडा काढला, अन् बाटली देल्ली माह्या हातात, लॅबले न्याले. मी तं तयारीनं गेल्तो. डबा, बर्फ, मीठ. झाकन उघडलं अन् नर्स वरडली माह्यावर. चाचा, बर्फात नका टाकू, सारं खराब होईन!

मंजू : महनूर बरी आहे ना आता?

शकूरचाचा : बरी हाय. म्हनलं, बाई, बर्फानं कधी काही खराब होते काय? सारी दुनिया चीज खराब होऊ नये म्हनून बर्फात ठेवते. माह्या बापानं तेच केलं, मी तेच केलं. तं तिनं समजावून सांगलं मले. आतमंधी खडे होतात म्हने.

मंजू : दर वेळी तसं होतंच असं नाही.

शकूरचाचा : मंजू. माणिकचा तुकडा लहान निघाला होता काय?

मंजू : चाचा, ते मानेतलं होतं, हे मेंदूजवळचं. दोन्हीत फरक...

शकूरचाचा : लहान निघाला होता काय?

मंजू : हो. लहान निघाला.

शकूरचाचा : मी पाह्यला होता, बेटी. बाटली उजेडात धरून पाह्यली होती. एक नाही, चार-पाच होते, ज्वारीच्या दान्याएवढे. ती बाटली देनारी पोरगी म्हने, चांगले मिळाले चाचा, जा लवकर. तुह्या बापानं लहान सांगलं तवा मले हे आठवलंच नाही. त्याच्यावर भरोसा. वरून डॉक्टरले शिव्या देल्ल्या मी.

मंजू : बाबांना फोनवरून जे कळलं ते त्यांनी...

शकूरचाचा : तू बी तसंच म्हनली आत्ता. 'लहान निघाला.' डोळे खाली करून.

मंजू : आता काय फरक पडतो त्यानं?

शकूरचाचा : तुले नसन पडत. मी डबा पाह्यला का झाकन नाही उघडवत माह्यानं. घरात बोललो तं तौसिफ म्हनते, अब्बा, अल्लाची मर्जी. मशिदीत विचारलं तं तेबी म्हने, अल्लाची मर्जी. अरे, अल्लाची मर्जी अल्लापाशी. तिच्यात मी काय बोलनार? मले माह्यं सांगा ना कोनी. मी काय केलं तेवढं सांगा. कोनीच सांगत नाही. सारे पाठीवर हात फिरवतात.

मंजू : त्यांना नव्हतं तुम्हाला कळू द्यायचं, चाचा.

शकूरचाचा : कोनाले?

मंजू : बाबांना.

शकूरचाचा : म्हंजे, त्याले मालूम होतं?

मंजू : हो.

शकूरचाचा : त्या दिवशी? मी आलो तवा? मी बर्फाची मोठाई सांगून राह्यलो होतो, डब्यात दिमाग हाय म्हनून हसवून राह्यलो होतो, तवा त्याले मालूम होतं?

मंजू : तुम्ही यायच्या आधी मी नुकतंच सांगितलं होतं.

शकूरचाचा : अन् तो म्हने, तुह्यावानी कोनी नेला नसता.

मंजू : ते त्यांनी टोमणा म्हणून नव्हतं म्हटलं.

शकूरचाचा : मले नाही समजत काय? टोमना मारला असता तं बरं होतं. लहानपनापासून त्याच्या शिव्या खाल्ल्या मी. एक आनखी खाल्ली असती. म्हनाचं ना, शकूर, गधड्या, तू माह्या तुकड्याची कुल्फी केली. भांडलो असतो, अबोला धरला असता. मंग बोललो असतो. आता कोनाशी भांडू?

मंजू : त्यांना वाटलं, तुम्ही गाडी बंद कराल.

शकूरचाचा : केलीच ना बंद. काय मिळालं त्याले लपवून?

मंजू : माझ्याकडूनही त्यांनी शब्द घेतला होता.

शकूरचाचा : तुहा शब्द मी सोडवतो. मीच मांगून राह्यलो ना? सांग. त्या मॅडमले काय दिसलं, पुरं सांग.

मंजू : ऐकवणार नाही, चाचा.

शकूरचाचा : अन् हे? हे जे चालू हाय, हे ऐकवते काय मले?

मंजू : बर्फानं खराब झाला तो. पेशी फाटल्या, म्हणून नाव मिळालं नाही. मॅडम नंतर खोल कापत गेल्या, तेव्हा एका कडेला मिळालं. ग्रंथीची गाठ होती. काढता येणारी. तुकडा चांगला पोचला असता तर बहुधा त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं असतं.

शकूरचाचा : अन् वाचला असता.

मंजू : ते नाही सांगता येत. मॅडमनाही नाही. मी त्यांना फिरवून फिरवून विचारलं.

शकूरचाचा : वाचला असता, बेटी. मी समजलो.

मंजू : नाही. जेवढं ठरलंय तेवढंच घ्या, चाचा. त्याच्या पुढचं घेऊ नका. तुकडा तुमच्या बर्फानं खराब झाला. हे ठरलंय. बाबा त्यानं गेले की तसेही गेले असते, हे कुणाला ठरवता येत नाही. ते कधीच ठरणार नाही.

शकूरचाचा : हं.

मंजू : पाणी देऊ?

शकूरचाचा : नको. बरं केलं सांगलं. बरं केलं तू. या गोष्टीचं एक टोक तं हाती आलं. चलतो मी.

मंजू : थांबा.

शकूरचाचा : काय राह्यलं आता?

मंजू : अजून राहिलंय. मयतीच्या दिवशी तुम्ही खांदा दिलात. विहारापासून पुढं कुणाला बदलू दिला नाहीत. सगळे म्हणत होते, दोस्त असावा तर असा. मी मागं उभी होते.

शकूरचाचा : मले याद हाय. तू रडत नव्हती.

मंजू : रडू नाही आलं. मले वाटलं, तुमाले धरून बाजूले ओढाव. साऱ्यायसमोर वरडून सांगाव, याइनंच खराब केला माह्या बापाचा तुकडा, याइचा खांदा नको. दात आवळून उभी राह्यली मी.

शकूरचाचा : सांगाचं होतं. बाजूले झालो असतो.

मंजू : नाही सांगलं. तवापासून रोज सकाळी उठली का आधी राग येते. मंग बाबा आठवतात. बाबाच्या आधी राग येते, चाचा. याची मले लाज वाटते.

शकूरचाचा : रडू नको, बेटी. मी नाही येत आता समोर. बजारात जाचं असलं तं मागच्या गल्लीनं जात जाईन.

मंजू : मागच्या गल्लीनं नका जाऊ.

शकूरचाचा : मंग काय करू, तूच सांग.

मंजू : ज्याचा राग आहे त्यालेच सांगता येते. दुसऱ्या कोनाले सांगू? मले तुमचा राग येते, चाचा. लय येते. आत या.